खुर्द्याची मोजदाद

बँकेची नोकरी ही बदलीची नोकरी. तिने मला कोकणापासून मराठवाड्यापर्यंत हिंडविले आणि अखेरीस राजधानीत आणून सोडले. दिल्लीला रुजू होताच घरच्या मंडळींनी पाहण्याजोग्या स्थळांची यादी केली. लाल किल्ला, कुतुबमिनार, आग्र्याचा ताज, सारे काही तीत होते. माझ्या यादीत एकच नाव होते, पानिपत. त्या वर्षी १४ जानेवारीला रविवार आला होता. दाट धुक्यातून वाट काढीत आम्ही सकाळीच निघालो. दिल्लीपासून पानिपत नव्वद किलोमीटरांच्या आसपास आणि शहराबाहेर थोड्या अंतरावर काला अंब.

जागा साधी आहे. विटांचा एक स्तंभ, त्यावर लोखंडी दांडा, भोवती कठडा आणि बाग. दरवर्षी या दिवशी महाराष्ट्रातून मंडळी येतात. त्याही दिवशी भगवे फेटे होते, घोषणा होत्या, काही वृद्धांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या कन्येने मात्र सभोवार पाहून विचारले, "बाबा, पण आंबा कुठे आहे?"

आंबा नव्हता. जो वृक्ष या जागेला नाव देऊन गेला, तो केव्हाच नाहीसा झाला आहे. रणातील रक्त मुरल्यामुळे त्याची पाने काळवंडली, अशी लोककथा आहे. जुन्या, गर्द आंब्याची सावली काळीच दिसते, एवढेच माझे त्यावर भाष्य. झाड गेले तरी त्याचे नाव राहिले, हे त्याचे भाग्य म्हणायचे. पण त्या आंब्याच्या पायथ्याशी कोणती गवते होती, बांधावर कोणती झुडपे होती, पलीकडच्या तळ्यात पाण्यावर काय तरंगत होते? त्यांचे नावही कोणी लिहून ठेवले नाही. परतीच्या वाटेवर हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

पानिपतच्या पराभवाची वार्ता दक्षिणेत कशी पोचली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एका सावकाराचे सांकेतिक पत्र पडले. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरपल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे मोठे सरदार. खुर्दा म्हणजे बाकीचे सारे. पेढीच्या भाषेत लिहिलेली ती वार्ता आम्हा बँकवाल्यांना विशेष लागते, कारण खुर्दा मोजण्याचा कंटाळा काय असतो, हे रोखपालाखेरीज कोणाला ठाऊक असणार?

निसर्गाच्या हिशेबातही नेमके असेच झाले. इंग्रजी अमदानीत वनखाते उभे राहिले तेव्हा साग, साल, देवदार यांची खोडे मोजली गेली. त्या मोहरा होत्या. रेल्वेचे रूळ टाकायला त्यांचे लाकूड हवे होते. पावसाळ्यात दोन महिने दिसणारी रोपटी, पाणथळीतील लव्हाळी, खडकाच्या भेगेतील बोटभर फूल, हा सारा खुर्दा. वनस्पतींचे सर्वेक्षण म्हणजे या खुर्द्याची मोजदाद.

ती मोजदाद या मुलखात अगदीच झाली नाही असे नाही. तिचे एक मूळ पानिपतच्या शेजारीच आहे. अब्दालीच्या बाजूने लढलेल्या नजीबखान रोहिल्याची जहागीर यमुनेपलीकडे सहारनपूरला होती. त्या गावी नबाबी काळातील एक बाग होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो प्रदेश मराठ्यांच्या अमलाखाली आला, १८०३ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि १८१७ मध्ये कंपनी सरकारने त्या बागेचे वनस्पती उद्यान केले. हिमालयाच्या पायथ्यापासून गंगा-यमुनेच्या मैदानापर्यंतच्या वनस्पती गोळा करण्याचे ते मोठे ठाणे ठरले. पुढे त्याच उद्यानाचे प्रमुख राहिलेल्या जे. एफ. डथी यांनी गंगेच्या वरच्या मैदानातील वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला भाग १९०३ चा. खुद्द दिल्लीच्या वनस्पतींचा सविस्तर ग्रंथ जे. के. माहेश्वरी यांनी १९६३ मध्ये सिद्ध केला. महाराष्ट्राकडे पाहिले तर डालझेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' प्रसिद्ध झाला तो १८६१ मध्ये, पानिपतनंतर बरोबर शंभर वर्षांनी. त्यानंतर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची विस्तृत नोंद केली. हे कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते, म्हणजे ज्याचे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले त्याचे. जमाखर्च कोणत्याही विषयाचा असो, चिकाटीचा माणूस लागतो, हेच खरे.

दिल्लीच्या वास्तव्यात एका निवृत्त प्राध्यापकांची ओळख झाली. ते दर रविवारी काही विद्यार्थ्यांसह अरवलीच्या टेकड्यांत आणि भोवतालच्या झिलांवर वनस्पतींची नोंद करीत हिंडत. मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. माझ्याकडे ज्ञान नव्हते, पण नोंदवही नीट ठेवण्याची सवय होती. तेवढ्यावर मला प्रवेश मिळाला.

सर्वेक्षण म्हणजे फुले पाहत फिरणे नव्हे, हे पहिल्याच दिवशी कळले. दोरीने एक मीटर लांब-रुंद चौकट आखायची आणि तीत जे जे उगवले आहे त्याची जात, संख्या आणि त्याने व्यापलेली जागा लिहायची. झुडपांसाठी चौकट मोठी, वृक्षांसाठी आणखी मोठी. चौकट कोठे टाकायची हे आपल्या आवडीने ठरवायचे नाही. नाहीतर माणूस सुंदर जागाच निवडतो. न ओळखलेले रोप तेथे भरपूर असेल तरच एखादे घ्यायचे, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायचे आणि जाड कागदावर चिकटवायचे. सोबत चिठ्ठी हवी : तारीख, ठिकाण, उंची, जमीन कशी, फुलाचा रंग, वास. वाळल्यावर रंग आणि वास उरत नाहीत, म्हणून ते जागेवरच लिहायचे. चिठ्ठीवाचून वाळलेले रोप म्हणजे व्हाउचरवाचून केलेली नोंद. लेखापरीक्षक ती मान्य करणार नाही. कोलकात्याजवळ हावडा येथे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या मध्यवर्ती संग्रहात असे सुमारे वीस लाख नमुने आहेत. ही संस्था १८९० ची. तिची पश्चिम विभागाची शाखा पुण्यात १९५५ पासून काम करते.

आणखी एक गोष्ट प्राध्यापक वारंवार बजावीत. एका जागेला एकदा भेट दिली म्हणजे पाहणी झाली असे नाही. या टेकड्या मे महिन्यात पाहाल तर ओसाड म्हणाल. ऑगस्टमध्ये त्याच ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. झिलांचे उलट. पाणी ओसरू लागते तेव्हा काठाकाठाने नवनवे पट्टे उघडे पडतात आणि प्रत्येक पट्ट्यात वेगळी रोपे येतात. म्हणून एका जागेची पाहणी निदान तिन्ही ऋतूंत व्हायला हवी.

अरवली म्हटले की आपल्याला राजस्थान आठवतो. पण गुजरातच्या सीमेपासून निघालेल्या या अतिप्राचीन पर्वताचे टोक थेट दिल्लीत शिरते. राष्ट्रपती भवन ज्या रायसीना टेकडीवर आहे, ती त्याचाच एक तुकडा. गुडगाव आणि फरिदाबाद यांच्या दरम्यान मांगर गावी एक देवराई आहे, मांगर बनी. गुदडिया दास बाबांचे हे बन. येथील लाकूड तोडणाऱ्याचे अनिष्ट होते, अशी भोवतालच्या गुर्जर गावांची श्रद्धा आहे. आमच्या कोकणातल्या देवराईचे दैवत वेगळे, पण कायदा तोच. एका बाजूस उंच इमारतींची रांग आणि दरी उतरताच धौ वृक्षांचे घनदाट रान, हे दृश्य मी विसरणार नाही.

धौ हा आपल्या धावड्याचा भाऊबंद. शेळ्यामेंढ्यांनी सतत खाल्ला तर तो वर्षानुवर्षे जमिनीलगत झुडपासारखा पसरून राहतो. राखण झाली की उठून वृक्ष होतो. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होतात तेव्हा सगळा उतार तांब्याच्या भांड्यासारखा दिसतो. त्याच्या सोबतीस सालई, पळस, हिंगणबेट, पिलू, बोर, अडुळसा. ओढ्याकाठी कळंब. परमुलखात ओळखीची नावे सापडली म्हणजे माणसाला किती बरे वाटते! एका वृद्ध गुराख्याने आम्हाला वाकून काहीतरी शोधताना पाहून विचारले, "काही हरवले का साहेब?" प्राध्यापक म्हणाले, "हरवले की नाही, तेच पाहतो आहोत, बाबा." म्हाताऱ्याने मग तासभर आमच्याबरोबर फिरून पंधरा-वीस रोपट्यांची गावठी नावे आणि त्यांतले गुरे काय खातात व काय टाळतात ते सांगितले. ही माहिती कोणत्याही ग्रंथात नव्हती. ती मी त्याच्या शब्दांत टिपून घेतली.

मांगरच्या बाहेर आलो की चित्र पालटते. मैलोन्‌मैल एकच झाड दिसते, आपण ज्याला वेडी बाभूळ म्हणतो ते. येथे त्याला विलायती कीकर म्हणतात. मूळ अमेरिकेतील हे झाड नवी दिल्ली वसविताना, १९२० च्या दशकात, उघड्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून लावले गेले. टेकड्या हिरव्या झाल्या, परंतु त्याच्या सावलीत इतर फारसे काही तग धरीत नाही. उपग्रहावरून वनाच्छादन मोजताना झाडाची जात विचारात घेतली जात नाही. ठरावीक क्षेत्रावर दहा टक्क्यांहून अधिक छाया असली की ते आच्छादन. बँकेतील माणसाला हे चटकन समजावे. एकूण कर्जवाटपाचा आकडा पाहून शाखेची प्रकृती कळत नाही. त्यात वसूल होणारे किती आणि अनुत्पादक किती, हे खाते उघडून पाहावे लागते. चौकट टाकून गुडघ्यांवर बसणारा माणूस हे खाते उघडतो.

झिलांची कथा निराळी. दिल्लीच्या पश्चिमेस साहिबी नदीचे पाणी सखल भागांत पसरून मोठ्या पाणथळी होत असत. आज त्या नदीचा दिल्लीतील मार्ग नजफगढ नाला या नावाने ओळखला जातो, यावरून काय ते समजावे. तरी काही जागा शिल्लक आहेत. गुडगाव जिल्ह्यातील सुलतानपूर १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ते आणि झज्जर जिल्ह्यातील भिंडावास या दोन्ही पाणथळींना २०२१ मध्ये रामसर स्थळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे लांबलांब भिंगांचे कॅमेरे घेतलेल्यांची गर्दी असते. सगळ्यांच्या नजरा आकाशात. पाखरे ज्यावर उतरतात, ज्यात घरटी करतात, ज्याची मुळे खातात, त्या वनस्पतींकडे पाहणारा विरळा. हे माझे गाऱ्हाणे समजा.

पाणथळीत रोपांच्या जणू पंगती असतात. तळाशी बुडालेल्या, शेवाळासारख्या दिसणाऱ्या परंतु खऱ्याखुऱ्या फुलणाऱ्या वनस्पती. मग तरंगणारी पाने. त्यापुढे पाणकणीस आणि नळ. आणि ओलसर काठावर लव्हाळी, माका, नाळीची भाजी. काठापासून वर गेले की उंच मुंज गवत. वाचकहो, आपल्या घरोघरी होणाऱ्या मुंजीचे नाव या गवतावरून आले आहे. बटूच्या कमरेला बांधायची मेखला त्याची. महाराष्ट्रात विधी राहिला. गवत कोणी पाहिलेले नसते. हरियाणात आजही त्याचे दोर वळतात आणि त्याच्या सरकांड्यांचे मोढे करतात. ज्या संस्काराचे नाव मी आयुष्यभर घेतले, त्याचे गवत मला पन्नाशीत झज्जरच्या एका बांधावर भेटले.

प्राध्यापकांनी एकदा भिंडावासच्या काठावरचा ओंजळभर चिखल एका तसराळ्यात घेतला आणि घरी नेऊन ओला ठेवला. तीन आठवड्यांत त्यातून कितीतरी रोपे उगवली, पैकी काही त्या दिवशी काठावर दिसलीही नव्हती. पाणथळीच्या गाळात अशी बीजे वर्षानुवर्षे पडून असतात. शास्त्रज्ञ तिला बीजपेढी म्हणतात. दुष्काळात ठेव तशीच राहते, पाणी आले की ती काढता येते. पण जमिनीवर भराव टाकून इमारत उभी राहिली की पेढीच बुडते, आणि या ठेवींना विमा नसतो.

आपल्या सह्याद्रीत ही मोजदाद किती उशिरापर्यंत चालली, ते पाहिले तर आश्चर्य वाटते. साताऱ्याजवळचे कास पठार आता सर्वपरिचित आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशात आले. या पठाराच्या उथळ पाण्यात वायतुरा नावाची वनस्पती उगवते. नर-मादी रोपे वेगळी, पांढुरक्या-गुलाबी तुऱ्यांची. गुराख्यांना ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असणार; शास्त्राच्या वहीत ती नवी जात म्हणून नोंदली गेली १९८२ मध्ये. साताऱ्याचे नाव तिच्या शास्त्रीय नावात आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे प्रा. श्रीरंग यादव हे त्या नोंदीतील एक संशोधक. पुढे कंदीलपुष्पांच्या दुर्मीळ जाती विद्यापीठाच्या उद्यानात वाढविण्याचे मोठे काम त्यांनी केले. शिंदळ माकुडी हे रोप तर शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा किल्ल्यांच्या कड्यांना धरून आहे. डालझेल यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वर्णन केले आणि पुढे जगातील अतिसंकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत त्याचा समावेश झाला. किल्ल्याचा इतिहास पाठ असणारे आपण, कड्यावरच्या या शेवटच्या शिलेदाराला क्वचितच ओळखतो.

ही नोंद कशासाठी, असे एका ग्राहक-मित्रांनी मला विचारले होते. याचे उत्तर मला गुडगावात मिळाले. शहराच्या कडेला दगडखाणींनी पोखरलेली सुमारे तीनशे नव्वद एकरांची अरवलीची टेकडी होती. २०१० पासून तेथे नागरिकांच्या एका गटाने मूळचे रान पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. आज ते अरवली जैवविविधता उद्यान म्हणून ओळखले जाते. पण मूळचे म्हणजे कोणते? वेडी बाभूळ काढून टाकली तर तिच्या जागी लावायचे काय? येथे जुन्या ग्रंथांतील नोंदी आणि मांगरसारखी शिल्लक राहिलेली राने, हीच खातेवही उपयोगी पडते. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठ यांनी यमुनेच्या काठी उभारलेल्या जैवविविधता उद्यानातही हीच रीत आहे. ज्या जातीची नोंद झाली नव्हती आणि जी नाहीशी झाली, ती कोणी परत आणू शकत नाही. ती होती हेच कोणाला माहीत नसते.

आणि नाहीसे होण्याची वाट फार लांब नाही. फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात या जिल्ह्यांतील अरवलीच्या खाणी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये थांबविल्या. अरवली म्हणजे नेमके काय, हा वाद मात्र मिटलेला नव्हता. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर उंचीची व्याख्या स्वीकारली; त्यावर देशभर चर्चा झाली आणि डिसेंबरमध्ये न्यायालयानेच तो आदेश तहकूब ठेवला. कायद्याच्या बाजू जाणकारांनी सांगाव्यात. मी एवढेच पाहिले आहे की आमच्या वहीतील कितीतरी जाती पन्नास-साठ मीटरांच्या टेकाडांवर सापडल्या होत्या. रोपट्याला उंचीचा नियम कळत नाही. भेगेत मूठभर माती आणि पावसाचे थोडे पाणी एवढेच ते पाहते.

माझी पुढची बदली आता व्हायची आहे. निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा एकदा काला अंबला गेलो. या वेळी गर्दीचा दिवस टाळला. जमाबंदीच्या जुन्या कागदांवरून कळते की पानिपत-करनाळच्या या टापूत एके काळी ढाकीचे, म्हणजे पळसाचे, मोठे रान होते. कालव्याचे पाणी आले, गहू-भात आला आणि रान गेले. पळसाला पाने तीनच असे आपण म्हणतो खरे, पण ती तीन पाने पाहण्यासाठी आता बरेच हिंडावे लागते. कठड्याबाहेर, पायवाटेच्या कडेला, कन्येने आणि मी दोरीची एक मीटरची चौकट आखली. थंडीने बोटे आखडत होती. हरळी, चाकवत, पाथरी, गाजरगवत, माका, आणखी दोन गवते असे करीत आम्ही मोजत गेलो. एका कोपऱ्यात बारीक पिवळ्या फुलांची आंबुशी होती. "आंबा नाही, तर आंबुशी तरी," कन्या म्हणाली.

एकूण दहा जाती. त्यांपैकी दोन ओळखता आल्या नाहीत. त्यांचा एकेक तुकडा वर्तमानपत्रात दाबून घेतला. वहीत तिच्या अक्षरात लिहिले आहे : काला अंब, चौकट क्रमांक १.